निवाडा आणि निर्मिती



लहान समाजाला आपली हद्द फार जपावी लागते. भोपाळमधील आपण मराठी माणसे हे अनुभवाने जाणतो. घरात आणि शाळेत जपलेली भाषा दाराबाहेर पडताच मागे राहते. मग आपल्यातला खरा मराठी कोण आणि अर्धामुर्धा कोण, याची चौकशी आपसांतच सुरू होते. भीतीपोटी उभे राहिलेले हे न्यायासन असते, आणि त्याच्यापुढे पहिल्याने कलावंतालाच उभे केले जाते. कारण हद्दीवरून ये-जा करणे हा त्याचा स्वभावच असतो.

मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज हा असाच एक लहान समाज. आपल्याच धर्मबंधूंनी आपल्या श्रद्धेविषयी शंका घेतली असता काय करावे, हा प्रश्न त्याच्यातील कलावंतांना वारंवार पडला. उलट निवाडा देण्याची वाट त्यांना मोकळी होती. ज्यांनी ती टाळून आपले काम धरले, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. मी साहित्याचा अभ्यासक आहे, धर्मशास्त्राचा नव्हे. म्हणून माझी दृष्टी त्यांच्या कृतींवर राहील.

आरंभ गोव्यापासून केला पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. १६१६ साली राचोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापलेला असला, तरी त्याची घडण पुराणाची होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणश्रवणाची ओढ होती. सत्ता स्टीफन्स यांच्या बाजूची होती, हे विसरता येत नाही. परंतु त्या ओढीला केवळ दोष देत न बसता त्यांनी ओवी हाती घेतली, ही गोष्ट मराठीच्या इतिहासात उरली. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. त्यानंतरही हे पुराण दीर्घकाळ गायिले गेले.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८६१ साली जन्मलेल्या टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्तस्वकीय दुरावले. पण ज्या घरात ते आले, तेथेही सारे सुखाचे नव्हते. त्या काळच्या मराठी उपासनेवर इंग्रजी चालींचा आणि भाषांतरित गीतांचा मोठा पगडा होता. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला होता. टिळकांनी ती वाट रुंद केली. अभंग, भजन, टाळ, कीर्तन हे सारे त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी आणले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. हे ऐकून जुन्या वळणाच्या ख्रिस्ती मनास शंका येणे स्वाभाविक होते. टिळकांनी शंकेचे उत्तर गाऊन दिले. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांची पदे फार मोठ्या संख्येने आहेत. शंका घेणाऱ्यांची नातवंडे पुढे तीच पदे गात मोठी झाली असतील!

टिळक अबोल होते असे मात्र कोणी समजू नये. मिशनऱ्यांच्या वडीलकीच्या वृत्तीवर त्यांनी कठोर शब्दांत लिहिले. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. व्यवस्थेतील अन्यायावर बोट ठेवणे वेगळे आणि त्या व्यवस्थेत राहणाऱ्या माणसाची श्रद्धा तराजूत घालणे वेगळे. टिळकांनी पहिले केले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. आत कोण, बाहेर कोण, हे ठरविण्याचा अधिकारच त्यांनी खाली ठेवला. १९१९ साली ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते.

ते काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. पतीने धर्म बदलल्यावर या बाईंनी काय सोसले, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. कोणावर तरी आरोपपत्र लिहिण्याचा अधिकार असेल, तर तो त्यांना होता. पतीवर, सासरवर, दोन्ही समाजांवर. त्यांनी लिहिले मात्र आत्मचरित्र, आणि त्यात हसण्याचा पहिला मान स्वतःला दिला. त्यांच्या लेखणीत दोष दिसतात, पण दोषी ठरविण्याची घाई दिसत नाही.

टिळकांच्या सहवासाचा ठसा जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्रीवर उमटला होता. त्याने टिळकांचे चरित्रही लिहिले. याच विन्स्लोने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. त्याचा आश्रम पुढे पुण्यात शिवाजीनगरास स्थिरावला. व्हेरिअर एल्विन भारतात आला तो प्रथम या संघात. तेथून निघून १९३२ साली तो आपल्या मध्य प्रदेशातील तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहावयास गेला. आणि याच आश्रमाने एका चित्रकाराला आसरा दिला.

अँजेलो द फोन्सेका हे त्याचे नाव. १९०२ साली गोव्यात जन्म, शांतिनिकेतनात कलाशिक्षण. गोव्यास परतल्यावर त्यांनी मेरी रंगविली ती सावळी, साडी नेसलेली, आपल्या मातीतली. गोव्यातील कॅथॉलिक धुरीणांना हे रुचले नाही आणि त्यांना गोवा सोडावा लागला. फोन्सेका कॅथॉलिक, आश्रम अँग्लिकन. तरीही ते तेथे राहिले, चित्रे काढीत राहिले आणि स्वतः अखेरपर्यंत कॅथॉलिकच राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) उपासनेत स्थानिक संस्कृतीला स्थान दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६७ साली, फोन्सेका पुण्यात निवर्तले. ज्या गोव्याने त्यांना दूर सारले, त्याच गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्यांचा चित्रसंग्रह आता जतन केला आहे.

कोणी विचारील, मग समाजाने निवाडा करूच नये काय? मी आयुष्यभर कवितेची परीक्षा करीत आलो; परीक्षेला माझा विरोध कसा असेल? कवितेची अवश्य करावी. ओवी सैल आहे, रंग फिका आहे, असे निर्भयपणे म्हणावे. पण ओवी रचणाऱ्याचे अंतःकरण खरे की खोटे, याची नोंदवही आपल्याकडे नाही. फोन्सेकांच्या टीकाकारांनी चित्रे सोडून चित्रकाराच्या श्रद्धेकडे पाहिले, आणि एका प्रांताला आपला चित्रकार हयातभर मुकावा लागला. ही किंमत लहान नव्हे.

या शाळेतून बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी उद्या हिंदीत नाटक लिहील, उर्दू गझलेची चाल मराठीत आणील, किंवा आपल्या देवाला अनोळखी वेष देईल. त्याचे मराठीपण तपासण्याची ऊर्मी आपल्याला होईल. त्या वेळी आपण त्याची कृती मागून घ्यावी आणि ती नीट वाचावी. आणि त्या विद्यार्थ्याला माझे एवढेच सांगणे आहे : न्यायासनापुढे उभे राहण्यात तुझे दिवस घालवू नकोस, आणि त्याच्यावर जाऊन बसण्यात तर मुळीच नको. तुझी ओवी अपुरी आहे, ती पुरी कर.