पोलीस ठाणे आणि विद्यापीठ : संयुक्त संशोधन म्हणजे काय?

शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापेकडचे रस्ते एकत्र येतात. हा परिसर ठाणे पोलीस आयुक्तालयात मोडतो. महापेच्या बाजूने थोडे पुढे गेले की नवी मुंबई आयुक्तालयाची हद्द लागते. अशा ठिकाणी "ही आमची हद्द नाही" असे सांगून तक्रारदाराला परत पाठवणे कायद्याला मान्य नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी त्याची माहिती ठाण्याने नोंदवून घ्यायची असते.

पण परत पाठवलेला माणूस कोणत्याच आकडेवारीत येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग मोजतो ते नोंदलेले गुन्हे. न नोंदलेल्या तक्रारी शोधण्यासाठी पोलिसांबाहेरचा अभ्यासक लागतो, आणि त्याला ठाण्यात प्रवेशही लागतो. म्हणून विद्यापीठ आणि पोलीस यांची भागीदारी.

महाराष्ट्रातील जुने उदाहरण १९८४ चे आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलिसांच्याच आवारात बसून पीडित महिलांना मदत करू लागले आणि त्या कामातून हिंसाचाराच्या अभ्यासाला आधार मिळाला. पुढे राज्य शासनाने हे कक्ष इतर जिल्ह्यांत नेले.

राजस्थानात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी राज्य पोलिसांसोबत प्रयोग केला. सर्वेक्षक सामान्य तक्रारदार बनून ठाण्यात गेले आणि तक्रार घेतली जाते का, हे पाहिले. मध्य प्रदेशात १८० ठाण्यांत महिला मदत कक्षांचा अभ्यास झाला. कक्षामुळे महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली आणि त्यात महिला पोलिसांचा वाटा मोठा होता, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

बौद्ध समाजासाठी हा विषय थेट न्यायाचा आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही मिळते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या कलम ४ मध्ये पोलिसांची कर्तव्ये स्पष्ट लिहिली आहेत : तक्रार नोंदवणे, ती वाचून दाखवणे, प्रत देणे, ६० दिवसांत तपास करून आरोपपत्र दाखल करणे. लोकसेवकाने जाणूनबुजून टाळाटाळ केल्यास सहा महिने ते एक वर्ष कारावासाची तरतूद आहे. यातली प्रत्येक पायरी मोजता येण्यासारखी आहे. तक्रारदाराच्या संमतीने पहिल्या भेटीपासून आरोपपत्रापर्यंतचा प्रवास नोंदवला, तर प्रकरण कोठे अडते ते कळेल.

मात्र भागीदारीला अटी हव्यात. निष्कर्ष दडवण्याचा अधिकार पोलिसांकडे नसावा. तक्रारदाराचे नाव गुप्त राहावे. प्रश्न ठरवताना पीडित समाजाचे प्रतिनिधी असावेत. आणि अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीपुढे यावा. नियमानुसार ही समिती तीन महिन्यांतून किमान एकदा भरली पाहिजे. प्रश्न विचारण्याची जागा तीच आहे.