बोरूपासून कापडी लेखणीपर्यंत

लेखणी कशाची असावी हा प्रश्न आपणांस किरकोळ वाटेल. परंतु मराठ्यांचा कारभार ज्या कागदांवर उतरला आहे, त्यांतील अक्षरांचें वळण लेखणीनेंच घडविलें. म्हणून हा प्रश्न इतिहासाचाहि आहे.

आपली जुनी लेखणी म्हणजे बोरू. वाळलेलें कांडें घ्यावयाचें, चाकूनें टोक तिरपें तासावयाचें आणि मध्यें बारीक चीर द्यावयाची. चिरेंतून शाई खालीं उतरते. छेदाच्या रुंदीवर अक्षराची जाडी ठरते. ज्यानें लिहावयाचें, तोच बहुधा आपल्या हाताला बेतून लेखणी करी. समर्थ रामदासांनीं दासबोधांत, एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासांत, लेखनक्रियेचें निरूपण केलें आहे. निरनिराळ्या देशांचे व रंगांचे, घट्ट, बारीक आणि सरळ बोरू आणावे, असा त्यांचा उपदेश. तेव्हां नाना जिनसांच्या लेखण्यांचा शौक आजचा नव्हे.

कापडाचा आणि लेखनाचा संबंधहि जुनाच. दौतींत चिंधीचा किंवा कापसाचा बोळा घालीत. त्यामुळें बोरू बेताची शाई घेई, आणि दौत लवंडली तरी शाई फारशी सांडत नसे.

या बोरूनें मोडी लिहिली गेली. आधीं कागदावर आडवी रेघ ओढावयाची, आणि हात शक्य तों न उचलतां तिच्याखालीं अक्षरें लिहावयाचीं, अशी तिची रीत. शिवकालांतील चिटणिशी वळण व पेशवाईंतील बिवलकरी वळण बोरूच्या छेदांतूनच घडलें. इंग्रजी अमदानींत पोलादी टांक आला, मागून झरणी आली. लिहिण्याचा वेग वाढला. पण जाड-बारीक रेषांचा भेद कमी झाला आणि मोडीचें रूप पालटलें.

परदेशी झरणीला उत्तरहि हातकारागिरीनेंच दिलें. आंध्रांतील राजमहेंद्री येथें के. व्ही. रत्नम यांनीं गांधीजींच्या स्वदेशीच्या शिकवणुकीस अनुसरून १९३० नंतरच्या दशकांत एबोनाइटचीं, म्हणजे टणक केलेल्या रबराचीं, पेनें तयार केलीं.

पुढें दौतींतलें कापड लेखणीच्या अंगींच आलें. १९०७ मध्यें बेकलंड या रसायनशास्त्रज्ञानें बेकलाइट ही कृत्रिम राळ सिद्ध केली. १९१० च्या सुमारास अमेरिकेंतील वेस्टिंगहाऊस कंपनीनें कापडाचे किंवा कागदाचे थर अशा राळेंत भिजवून, उष्णता व दाब देऊन, 'मायकार्टा' नांवाचा कठीण पदार्थ बनविला. त्याचा मूळ उपयोग विजेच्या यंत्रांत विद्युत्‌रोधक म्हणून होता. आज हौशी कारागीर तागाचें, सुती वा जीनचें जुनें कापड याच रीतीनें राळेंत मुरवितात आणि तो ठोकळा लेथवर कातून पेनाचें अंग काढतात. कातलेल्या अंगावर कापडाचे थर लाकडाच्या रेषांसारखे उमटतात. उद्यमनगरांतील लेथ पाहिलेल्या कोल्हापूरकरांस ही क्रिया समजावून सांगावयास नको.

आतां यांतून आपण काय घ्यावें? आमची शाहूपुरी पेठ राजर्षी शाहू छत्रपतींनीं १८९५ मध्यें वसविली. त्या काळीं दरबारचें दप्तर मोडींत होतें, आणि तें आज कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत जपून ठेवलेलें आहे. कागद शाबूत आहेत. उणीव आहे ती ते वाचणारांची. जमिनी, इनामें, पाणी, शाळा यांचा इतिहास त्या रुमालांत बांधलेला असून वाचकांअभावीं तो मुका राहण्याचें भय आहे.

म्हणून तरुणांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, कापडाची, शिंगाची, लाकडाची, हवी त्या जिनसाची लेखणी हौसेनें करावी; पण एकदां बोरूहि तासावा आणि त्यानें मोडीची बाराखडी गिरवावी. रेघ कोठें जाड होते, हात कोठें न उचलतां वळतो, हें स्वतःच्या बोटांस कळलें म्हणजे जुन्या कागदावरील जोडाक्षर ओळखणें पुष्कळ सोपें जातें. खर्च एका कांड्याचा आणि थोड्या शाईचा आहे.