विवाल्दी तबकडीवर कसा आला

आंतोनिओ विवाल्दी १७४१ मध्ये व्हिएन्नात हलाखीत वारला. पुढे जवळजवळ दोन शतकं त्याचं नाव निघे ते बहुधा बाखच्या चरित्रात. ग्रामोफोनचा जमाना आला तरी तो उपराच होता. विवाल्दीचा म्हणून गाजलेला सी मेजरमधला एक काँचेर्तो तर व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्रायस्लरनं स्वतःच रचला होता. १९३५ मध्ये त्यानं ते कबूल केलं. टीकाकार चिडले. पण खरा विवाल्दी कानावरून गेलेलेच तेव्हा किती होते?

१९२६ च्या सुमारास उत्तर इटलीतल्या एका सालेशियन विद्यालयाकडे त्याच्या हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला. तो तुरिनच्या ग्रंथालयासाठी विकत घ्यायला दोन कुटुंबांनी पैसे दिले, आपापल्या गेलेल्या लहानग्याच्या स्मरणार्थ. म्हणून त्या संग्रहांना फोआ आणि जोर्दानो ही नावं मिळाली. मात्र आज सर्वतोमुखी असलेले ‘चार ऋतू’ त्या साठ्यातले नव्हेत. ते १७२५ मध्येच अ‍ॅम्स्टरडॅमला छापले गेले होते. त्यांना हवा होता वाजवणारा.

बेर्नार्दिनो मोलिनारीनं १९४२ मध्ये रोमच्या सांता चेचिलिया वाद्यवृंदाकडून ते ध्वनिमुद्रित करून घेतले. हा मोठ्या वाद्यवृंदाचा, भारदस्त विवाल्दी. त्यातच ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपे; चाळीसेक मिनिटांची ही रचना ऐकायची तर पुन्हापुन्हा उठून तबकडी बदलावी लागे.

खरं वळण आलं न्यूयॉर्कमध्ये, आणि तेही घाईघाईत. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं १ जानेवारी १९४८ पासून ध्वनिमुद्रणावर बंदी पुकारली होती. तिच्या आत काम उरकायचं म्हणून डिसेंबर १९४७ च्या अखेरीस कार्नेगी हॉलमध्ये व्हायोलिनवादक लुई कॉफमन, संचालक हेन्री स्वोबोदा आणि मोजके तंतुवादक ‘चार ऋतू’ वाजवायला जमले. कॉफमन हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी वाजवणारा. ‘गॉन विथ द विंड’च्या संगीतातही त्याचं व्हायोलिन आहे. त्याच्या सुरातला तो दाट, गहिवरलेला कंप बरोक शैलीत बसत नाही असं आजचे जाणकार म्हणतील, आणि ते खरंही आहे. तरीही मला हेच ध्वनिमुद्रण सर्वांत जवळचं वाटतं. ज्याचं अनुकरण करावं असा नमुनाच फारसा समोर नसलेला कलावंत त्यात प्रत्येक ओळ स्वतः शोधत जातो. या ध्वनिमुद्रणाला १९५० मध्ये फ्रान्सचा ‘ग्रां प्री द्यू दिस्क’ मिळाला. ‘चार ऋतूं’चे हे चार काँचेर्तो बारांच्या संचातले आहेत हे पुढे कळल्यावर कॉफमननं उरलेले आठही मिळवून ध्वनिमुद्रित केले.

तोवर लाँग-प्ले तबकडी आली होती. एका बाजूवर दोन ऋतू सहज मावत. १९५१ मध्ये संचालक म्युंशिंगरचं श्टुटगार्टचं पथक आलं आणि १९५५ मध्ये ‘इ मुसिची’. बारा वादक, संचालक नाही, एकल व्हायोलिनवर फेलिक्स आयो. ही मंडळी रोमच्या त्याच सांता चेचिलिया संस्थेत शिकलेली. पण मोलिनारीचा भारदस्तपणा त्यांनी उतरवून ठेवला होता. स्टिरिओ आल्यावर १९५९ मध्ये त्यांनी तीच रचना आयोसह पुन्हा वाजवली आणि ती तबकडी घराघरांत पोचली.