चिरकारी विषाणुजन्य यकृतशोथ आणि प्रतिकारपेशी

हेपॅटायटिस बी किंवा सी या विषाणूंचा संसर्ग सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून राहिला, म्हणजे यकृताच्या त्या दीर्घ दाहाला चिरकारी विषाणुजन्य यकृतशोथ म्हणतात. हे विषाणू यकृतपेशींत वाढत असले, तरी सहसा त्या पेशींना थेट मारत नाहीत; पेशींचा नाश होतो तो प्रामुख्याने संसर्गित पेशींवर चालून येणाऱ्या शरीराच्याच प्रतिकारपेशींमुळे. म्हणूनच रक्तात विषाणूंची संख्या प्रचंड असूनही एखाद्या रुग्णाचे एसजीपीटी, म्हणजे मोडलेल्या यकृतपेशींतून रक्तात उतरणारे विकर, सामान्य पातळीवर राहू शकते.

आतड्यांकडून येणाऱ्या रक्तातून अन्नातील परकी प्रथिने आणि जिवाणूंचे अवशेष सतत यकृतात पोहोचत असल्याने, ऊठसूट दाह न होऊ देण्याकडे या अवयवाचा कल असतो. यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत ठाण मांडलेल्या कुप्फर पेशी असे अवशेष गिळतात आणि प्रतिसाद आवरणारी रसायनेही स्रवतात. पूर्वओळखीशिवाय संसर्गित पेशी मारू शकणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींचे प्रमाण येथे रक्तातल्यापेक्षा बरेच अधिक असते. तरीही यकृताच्या या सहिष्णुतेचा फायदा विषाणूला मिळतो.

संसर्गाचा निकाल मात्र मुख्यतः टी पेशी या प्रतिकारपेशींवर ठरतो. जोमदार आणि विषाणूच्या अनेक भागांवर रोखलेला प्रतिसाद मिळाल्यास संसर्ग आटोक्यात येतो. परंतु विषाणूची प्रथिने वर्षानुवर्षे समोर राहिली, तर टी पेशी पीडी-१ सारखे रोधक रेणू पृष्ठभागावर धारण करून हळूहळू निष्प्रभ होतात. या अवस्थेला ‘टी पेशींची क्लांती’ म्हणता येईल. ती निव्वळ दोष नव्हे, कारण अनिर्बंध हल्ल्यात यकृतच निकामी झाले असते. तरीही धुमसता दाह चालूच राहतो, त्यातील रासायनिक संदेशांनी यकृतातील ताराकृती पेशी तंतू निर्माण करू लागतात आणि काही रुग्णांत पुढे सिऱ्होसिस किंवा कर्करोग उद्भवतो.

संसर्ग चिरकारी होण्यावर वयाचा परिणाम विलक्षण आहे : जन्माच्या सुमारास हेपॅटायटिस बी झालेल्या सुमारे ९० टक्के बालकांत तो चिरकारी होतो, तर निरोगी प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. टी पेशींच्या तुलनेत, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींचे महत्त्व वैद्यकाला काहीसे उशिरा उमगले. बी पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅब हे औषध दिल्यावर पूर्वी बरे झालेल्यांतही हेपॅटायटिस बी उसळू शकतो. कारण विषाणूचा वर्तुळाकार डीएनए यकृतपेशींच्या केंद्रकात दडून राहिलेला असतो. त्यामुळे अशा उपचारांपूर्वी हेपॅटायटिस बी ची रक्तचाचणी आवश्यक मानली जाते.

पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, तसेच धनकवडीतील भारती विद्यापीठाच्या आरोग्य संशोधन संस्थेत विषाणुजन्य आजारांचा अभ्यास होतो. पहिल्या संस्थेतील संशोधकांनी हेपॅटायटिस ई च्या रुग्णांतील, प्रतिसाद आवरणाऱ्या नियामक टी पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी तपासल्या आहेत. दूषित पाण्यातून पसरणारी, भारतात आढळणारी ही कावीळ सहसा आपोआप बरी होते. मात्र अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णांत, विशेषतः युरोपात आढळणाऱ्या प्रकाराचा हेपॅटायटिस ई चिरकारी झाल्याचे २००८ मध्ये नोंदवले गेले. विषाणूच्या चिकाटीइतकेच प्रतिकारपेशींचे दौर्बल्यही आजार लांबवते, याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा होय.

हेपॅटायटिस सी आता तोंडाने घ्यायच्या औषधांनी बहुधा तीन महिन्यांत पूर्ण बरा होतो, पण क्लांत टी पेशी त्यानंतरही अंशतःच सावरतात. हेपॅटायटिस बी वरील टेनोफोविरसारखी औषधे विषाणूला केवळ दाबून ठेवतात. त्याच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लशीची पहिली मात्रा दिली जाते.