खिडकीच्या ग्रिलला दिंडी हवी

यंदा आमच्या मुलुंडच्या घराच्या जुन्या लाकडी खिडक्या काढून नव्या सरकत्या खिडक्या बसवायचे ठरले. कारागीर माप घेऊन गेला आणि जाताना विचारून गेला, "ग्रिल साधे की नक्षीचे?" सासूबाई म्हणाल्या, "नक्षीचेच घे ग. गुडघ्यांमुळे खाली जाणे होत नाही, माझा सारा दिवस खिडकीशीच जातो." ह्यांचे म्हणणे, साधे उभे गज बरे आणि स्वस्त. मला दोघांचेही पटत होते. तेव्हा पूर्वीच्या लोकांनी काय केले, ते आठवून पाहिले.

पेशव्यांच्या काळी पुण्याच्या वाड्यांना रस्त्याच्या बाजूने खिडक्या थोड्या असत; उजेड नि वारा आतल्या चौकातून येई. शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला. त्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तीची धडक बसू नये म्हणून अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत. पुढे दुसऱ्या बाजीरावांच्या काळी, १८०७ च्या सुमारास विश्रामबागवाडा झाला. त्याचा कोरीव लाकडी सज्जा रस्त्याकडे तोंड करून आहे. म्हणजे बंदोबस्त आणि शोभा, दोन्हींची हौस आपल्याकडे जुनीच.

मुंबईत मग लोखंड आले. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा सारा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून जहाजाने आणला होता. ते हॉटेल १८७१ साली सुरू झाले. १९३० नंतर मरीन ड्राइव्हला नव्या धर्तीच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या फाटकांत आणि कठड्यांत उगवत्या सूर्याचे किरण, लाटा, वेली अशी लोखंडी कलाकुसर दिसते. २०१८ साली युनेस्कोने तेथील इमारतींना जागतिक वारशात स्थान दिले. तसली वळणे दादर-माटुंग्याच्या घरांतही पाहायला मिळतात.

आपले मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आले. वस्ती वाढली, चोरांचे भय वाढले आणि गजांच्या पुढे पिंजऱ्यासारखी पेटी आली. तिच्यात तुळस आली, वाळवण आले, जुने डबेही आले. घर दीड हाताने वाढले, याचा आपल्याला आनंद झाला!

पण गेल्या वर्षी समोरच्या इमारतीत मीटरच्या पेटीला आग लागली. जिना धुराने भरला. दुसऱ्या मजल्यावरची मंडळी खिडकीशी येऊन हाका मारू लागली, पण ग्रिल चारी बाजूंनी पक्के जोडलेले. बंबवाल्यांनी गज कापले तेव्हा ती बाहेर आली. कोणाला इजा झाली नाही, हे देवाचे उपकार. खाली उभ्या असलेल्या आम्हा बायकांना मात्र तो वेळ सरता सरेना.

त्या दिवसाने मला शनिवारवाड्याची दुसरी गोष्ट आठवली. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती. आतल्या लाकडी हवेल्या गेल्या. तट आणि तो खिळ्यांचा दरवाजा आजही उभे आहेत. खिळे हत्तीला अडवतील, आतल्या आगीला काय करणार? पण त्याच अजस्र दरवाजात माणूस जाईल-येईल एवढी लहानशी दिंडी ठेवलेली आहे. आपण दरवाजाचे खिळे तेवढे उचलले आणि दिंडी विसरलो!

म्हणून आम्ही असे ठरवले. गज उभेच घेतले, कारण आडव्या पट्ट्यांवर आणि नक्षीच्या वळणांवर पाय देऊन लहान मुले वर चढतात. दोन गजांत चार इंचांहून कमी अंतर ठेवले. नक्षीच्या सांध्यांत पाणी साचून गंज धरतो, म्हणून ती सर्व खिडक्यांना नको म्हटले. सासूबाईंच्या खिडकीला मात्र वरच्या भागात, मुलांचा पाय पोचणार नाही अशा उंचीवर, एक वेल घेतली. आणि प्रत्येक खोलीच्या एका ग्रिलला मोठा माणूस सहज बाहेर पडेल अशी उघडणारी दिंडी करवून घेतली. तिची किल्ली आतल्या भिंतीवर, बाहेरच्या हाताला न लागेल पण घरातल्या सर्वांना अंधारातही सापडेल अशा जागी टांगली आहे.

कारागिराने दिंडीचे पैसे वेगळे लावले. सासूबाई म्हणाल्या, "माझी वेल राहू दे हवी तर, पण दिंडीचे पैसे दे." आम्ही दोन्ही दिले.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर आपापल्या खिडकीशी क्षणभर उभ्या राहा. चोर आत कसा येईल, याचा विचार आपण केलेलाच आहे. आपली माणसे बाहेर कशी पडतील, तेवढे पाहून घ्या.