वाघ मोजायला शिकताना

१९७२ साली भारतात १८२७ वाघ होते. १८२६ नाही, १८२८ नाही, बरोब्बर १८२७. देशभरातली ती पहिली व्याघ्रगणना. पुढच्याच वर्षी ‘प्रोजेक्ट टायगर’ सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाटही होतं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. इतका नेटका आकडा दिसला की मला आधी एकच प्रश्न पडतो : हा आला कुठून?

हा आला होता पावलांच्या ठशांतून. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधुरी यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली. धुळीच्या वाटेवर किंवा नाल्याच्या वाळूत ठसा दिसला की त्यावर काच धरायची आणि वरून रेघ मारून तो उतरवून घ्यायचा, नाहीतर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढायचा. गृहीतक असं, की प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा असतो आणि सरावलेल्या डोळ्याला तो ओळखता येतो. काच, प्लास्टर आणि पायी फिरणारी माणसं एवढ्यावर अख्खा देश मोजायचा. त्या काळाच्या मानाने हे भारीच होतं.

पण त्याच वाघाचा ठसा चिखलात वेगळा उमटतो, धुळीत वेगळा. शिवाय खडकाळ जंगलात ठसा उमटेलच असं नाही. उल्हास कारंत यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. हे मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, नंतर वन्यजीवशास्त्राकडे वळलेले. १९८०च्या दशकात त्यांनी प्राणिसंग्रहालयातल्या मोजक्या वाघांचे ठसे अनुभवी मंडळींपुढे ठेवले. खरा आकडा कुणालाच सांगता आला नाही.

एकच प्राणी दोनदा मोजला जाणं ही गणनेची जुनी डोकेदुखी आहे. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री विदर्भातल्या एका पाणवठ्यावर मी मचाणावर बसलो होतो. पहाटे एक सांबर आलं. मी वहीत नोंद करणार, तेवढ्यात शेजारचे वनरक्षक काका हळूच म्हणाले, “मघाचंच हाय ते, कान फाटका पहा.” ते सांबर तिथून पुढच्या पाणवठ्यावर गेलं असेल, तर तिथल्या वहीत पुन्हा चढलं असणार.

कारंतांनी १९९०च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत जे केलं, ते या फाटक्या कानाचंच गणित होतं. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे, आणि डावी-उजवी बाजूही सारखी नसते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावायचे. समजा, पहिल्या फेरीत २० वाघ टिपले. दुसऱ्या फेरीतही २०, पण त्यातले १० आधीच ओळखीचे. म्हणजे आपल्याला साधारण निम्मेच वाघ दिसतात, तेव्हा एकूण असावेत ४०च्या आसपास. न दिसलेल्यांचाही अंदाज यातून लागतो, आणि तो किती चुकू शकतो हेही सांगता येतं.

सरकारी गणना मात्र ठशांवरच चालू राहिली. २००१-०२ चा आकडा होता ३६४२. मग राजस्थानातलं सरिस्का घडलं. कागदावर वाघ होते, पण २००५ साली जंगलात एकही उरला नसल्याचं स्पष्ट झालं. शिकाऱ्यांनी ते संपवले होते. माझ्या क्षेत्रातही हे रोज दिसतं : ज्या आकड्यावर माणसाचं काम जोखलं जातं, तो आकडा कमी दाखवायला कुणीच धजत नाही.

२००६च्या गणनेपासून पद्धत बदलली. अंदाज आला १४११, आणि सोबत पहिल्यांदाच कबुली : ११६५ ते १६५७च्या दरम्यान. म्हणजे चार-पाच वर्षांत निम्म्याहून जास्त वाघ मेले का? तसं म्हणता येत नाही. दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. मधल्या काळात आपण किती वाघ गमावले, हे आता कधीच कळणार नाही. चुकीच्या मोजणीची खरी किंमत ही आहे.

२०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, सुमारे ३.४८ कोटी फोटो निघाले. त्यातले वाघांचे फक्त ७६,६५१. एवढा ढीग सॉफ्टवेअरशिवाय निवडणं अशक्य. पण कॅमेरे लागतात ते निवडक ठिकाणी. बाकी जंगलात अजूनही वनरक्षकच चालतो. वाटेवरचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे नोंदवतो, ठरलेल्या रेषेवर चितळ-सांबर मोजतो, ठरावीक अंतरावर थांबून झाडं-झुडपं आणि लेंड्यांची नोंद घेतो. चौधुरींच्या काळातली नजर वाया गेलेली नाही. ‘वाघ किती’ याऐवजी ‘वाघ इथे आहे का, त्याला खायला काय आहे’ हे तिला विचारलं जातं, आणि त्याचं उत्तर ती चोख देते.

२०२२चा अंदाज ३६८२ आहे. पुढच्या गणनेची बातमी फोनवर झळकेल, तेव्हा आकड्याशेजारी ‘इतके ते इतके’ असं लिहिलंय का, ते आधी बघा.