ब्रेक तुमचा, रस्ता सगळ्यांचा

परवा संध्याकाळी शेजारचा पोरगा मोबाईल घेऊन घरी आला. "काका, हे बघा. भोकं पाडलेल्या डिस्क आणि रेसिंगचे पॅड. पुढच्या चाकांना टाकतोय. महिन्याभरात कोइम्बतूरला ट्रॅक डे आहे. तोवर दर रविवारी कुंभार्ली घाटात हात साफ करून घेतो. तुम्ही जरा बाबांना समजवा ना, पैशाला नाही म्हणतायत."

मी काही मेकॅनिक नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करून चिपळुणात वीस वर्षं बातम्या लिहिणारा माणूस. पण या वीस वर्षांत "ब्रेक निकामी झाल्याने" हे शब्द किती वेळा लिहिले, त्याची मोजदाद नाही. आणि खरं सांगतो, निकामी झाला म्हणजे नक्की काय झालं, हे बरीच वर्षं मी कुणाला विचारलंच नाही. विचारायला लागलो तेव्हा बरंच हाती आलं. ते आज मांडतो. पोस्ट लांब आहे, पण घाटाखाली राहणाऱ्यांनी वाचावी.

गोष्ट सुरू होते एका जुन्या बुटापासून. इंग्लंडातला डर्बीशायर हा डोंगराळ भाग. तिथे घोडागाडीवाले उतारावर लाकडी ठोकळा चाकावर दाबायचे, आणि ठोकळा नीट धरावा म्हणून त्याला फाटका बूट बांधायचे. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने हे पाहिलं आणि १८९७ साली चाकाला दाबायचं चांगलं अस्तर बनवायचा उद्योग सुरू केला. आज फेरोडो या नावाने ब्रेकचे पॅड मिळतात, ते नाव त्याच्याच आडनावावरून आलं. म्हणजे बघा, या धंद्याचा जन्म शर्यतीत नाही झाला. ओझं घेऊन उतार उतरणाऱ्या गाडीवानाच्या गरजेतून झाला.

पुढे १९०२ मध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना बरोबर होती, पण पॅडला तांबं वापरलं होतं आणि ते इतकं किंचाळायचं की लोकांना नको झालं. त्यावर उपाय म्हणून अस्बेस्टॉस आलं. आवाज गेला, उष्णता सोसली गेली. त्याची किंमत कारखान्यातल्या कामगारांनी आणि गॅरेजमध्ये फुंकर मारून ब्रेकची धूळ उडवणाऱ्या पोरांनी फुप्फुसं देऊन मोजली. ब्रिटनमध्ये १९९९ साली त्यावर बंदी आली. आपल्याकडे पांढऱ्या अस्बेस्टॉसवर अजून सरसकट बंदी नाही. म्हणून पॅड घेताना डब्यावर "अस्बेस्टॉसविरहित" लिहिलंय का ते बघा, आणि धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. हे त्या पोरापेक्षा त्याच्या मेकॅनिकसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

डिस्कचं नशीब उजळलं ते पन्नास वर्षांनी. १९५३ साली फ्रान्समधल्या ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइप गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरल्या. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले, आणि चोवीस तासांचा सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या म्हणजे १६० किलोमीटरच्या वर गेला. त्यांची गाडी नुसती जोरात पळत होती म्हणून नाही. ते वळणाच्या जास्त जवळ जाऊन ब्रेक मारू शकत होते, आणि तेच विसाव्या तासालाही करू शकत होते. बाकीच्यांचे ड्रम तोवर तापून मऊ पडलेले.

इथे मुद्दा नीट समजून घेऊ. ब्रेक गाडीचा वेग गिळतो आणि त्याची उष्णता करतो. बाराशे किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली तर जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात साधारण दीड लिटर गार पाणी उकळेल. वेग दुप्पट तर उष्णता चौपट. ड्रम बंद डब्यासारखा. तापला की फुगतो आणि आतल्या लायनरपासून लांब जातो, पेडल खोल जायला लागतं. डिस्क उघड्यावर, वारा लागतो, लवकर निवते. त्यामुळे चांगला ब्रेक कुठला? एकदा करकचून लागतो तो नाही. दहाव्यांदा दाबला तरी पहिल्यासारखा लागतो तो.

आता घाट घ्या. तीच बाराशे किलोची गाडी सहाशे मीटर उंची उतरली, आणि इंजिनाने काही भार उचललाच नाही, तर ब्रेकवर येणारी उष्णता ताशी १०० वरून पंधरा वेळा थांबण्याइतकी होते. एक हंडा पाणी उकळेल एवढी. पंचवीस टनांच्या ट्रकला त्याच्या वीसपट. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे हाच हिशेब विसरतात.

मी स्वतः एकदा विसरलो होतो. जुन्या गाडीने घाट उतरताना शेवटच्या दोन वळणांवर पेडल पार खाली गेलं. हँडब्रेक आणि पहिला गिअर यांनी वाचवलं. पॅड नवेच होते. पण ब्रेक ऑइल पाच वर्षं बदललं नव्हतं. ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि मग कमी तापमानाला उकळतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषलेलं १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो. "ब्रेक निकामी झाल्याने" या शब्दांमागे अनेकदा एवढंच असतं. चूक माझीच होती.

म्हणून त्या पोराला सांगितलं ते असं. आधी ऑइल बदल, मग टायर बघ. ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो. ट्रॅकला जायचंय तर साधी, आतून हवा खेळणारी बिडाची डिस्क उत्तम. फार तर खाचा पाडलेली घे. भोकांच्या कडेला तापून-निवून तडे जातात, त्यामुळे दिसायला भारी म्हणून भोकं नकोत. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली की फेकायची. अनेक पॅडवर ईई, एफएफ अशी दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर सर्वसाधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. एफई असेल तर समजायचं की तापल्यावर पकड उतरते. आणि अस्सल रेसिंगचे पॅड रस्त्यासाठी नसतातच. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. सकाळी गार गाडी काढली, बहादूरशेख नाक्यावर कोणी आडवं आलं, तर तेच महागडे पॅड कंपनीच्या साध्या पॅडपेक्षा वाईट. ते ट्रॅकवर जाऊन बसव, नीट घासून जमू दे आणि परतताना काढ. ट्रॅकवर शेवटचा फेरा ब्रेक न मारता हळू मार, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नको.

तो खुश झाला. म्हणाला, "म्हणजे घाटात मी सगळ्यांत आधी थांबू शकतो!"

आणि मला ले माँची दोन वर्षांनंतरची शर्यत आठवली. ११ जून १९५५. संध्याकाळचे साडेसहा वाजत आलेले. माइक हॉथॉर्नने डिस्क ब्रेकच्या जॅग्वारमधून लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकलं आणि पिटमध्ये जायला उजवीकडे घेऊन ब्रेक मारला. मॅकलिन वाचायला डावीकडे वळला. मागून ताशी दोनशेच्या वर वेगात पिअर लेवेगची मर्सिडीझ येत होती. तिला ड्रम ब्रेक होते, त्याला मदत म्हणून पाठीमागे वाऱ्यात उघडणारं पत्र्याचं झाकण. ती हीलीवर चढली, उडाली, बांधावर आपटली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. लेवेगसह ८० हून जास्त माणसं गेली.

आता लगेच म्हणू नका की ड्रमचा दोष. मॅकलिनच्या गाडीलाही डिस्कच होते. आणि त्या क्षणी लेवेगला कुठल्याही ब्रेकने थांबता आलं नसतं. चौकशीत कुणा एका ड्रायव्हरला दोषी धरलं नाही. बोट दाखवलं गेलं ते रस्त्याकडे. पिटसमोरचा पट्टा अरुंद. पिटमध्ये जाणाऱ्यांना वेगळी वाट नाही. प्रेक्षक अगदी कडेला. तो रस्ता कितीतरी हळू धावणाऱ्या गाड्यांच्या काळातला होता. तीस वर्षांत गाड्या बदलल्या, ब्रेक बदलले, रस्ता तोच राहिला. पुढच्या वर्षीच्या शर्यतीआधी तो भाग पाडून रुंद करावा लागला. स्वित्झर्लंडने तर आपल्याकडे अशा शर्यतींवर बंदीच घातली.

मी पोराला एवढंच विचारलं, "तू वीस मीटरमध्ये थांबशील रे, पण तुझ्या मागे खडी भरलेला ट्रक असेल तर तो कुठे थांबेल?"

तो गप्प बसला. मी पण.

कारण आपला घाट म्हणजे तेच जुनं ले माँ आहे. एकाच अरुंद रस्त्यावर नव्या डिस्कची गाडी, तापलेल्या ड्रमचा ट्रक, एसटी, दुधाची मोटरसायकल आणि कडेला वडापावच्या गाडीपाशी उभी माणसं. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, बाजूला मोकळी जागा असते, झेंडा दाखवणारा असतो. घाटात यातलं काही नाही. हौस असेल तर कोइम्बतूरला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जा. पैसे जातील, पण त्यात दुसऱ्या कुणाचा जीव पणाला लागत नाही. घाट हा सरावाची जागा नाही.

आणि एक गोष्ट सरकारसाठी. खंडाळ्याच्या रेल्वे घाटात कॅच सायडिंग आहेत. उतारावर ब्रेक गमावलेली गाडी चढाच्या रुळावर वळून थांबावी म्हणून. ब्रेक कधीतरी दगा देणारच, हे रेल्वेने धरूनच रूळ टाकले. रस्त्यावरच्या घाटांत ट्रकसाठी अशी वाळूची चढती वाट, आणि माथ्यावर थांबून ब्रेक निववायला जागा मागणं ही चैन नाही. पुढच्या वेळी कुणी नेता घाटाच्या रुंदीकरणाचा नारळ फोडायला आला, तर हे दोन प्रश्न नक्की विचारा. मी विचारणार आहे.

पोराच्या बाबांशी बोललो. ब्रेक ऑइल, चांगले पॅड आणि साध्या डिस्कचे पैसे ते देतायत. भोकंवाल्या डिस्क रद्द. रविवारचा घाटही रद्द, असं तो म्हणालाय. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतोय.

तुमच्या घरात असा कोणी असेल तर त्याला हे वाचून दाखवा. आणि आज घाट उतरणार असाल, तर ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा.